क्लबची अध्यक्ष आहे, पण एकही पारितोषिक नाही. कॉलेज प्रवेशात याला किती वजन?

रोहिणी_नक्षत्र

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक अकरावीत आहे, येत्या ऑगस्टपासून कॉलेजचे अर्ज भरायला घेईल. तिला फिजिक्स करायचंय. यादी अजून पक्की नाही, पण एमआयटी, कॉर्नेल, मिशिगन, पेन स्टेट आणि कॅलिफोर्नियातली एक-दोन यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची कॅम्पस) एवढी नावं घरात फिरताहेत. मार्क चांगले आहेत, विषयही अवघड घेतलेत. मला विचारायचंय ते तिच्या क्लबबद्दल.

शाळेच्या खगोल क्लबची ती दहावीच्या शेवटी अध्यक्ष झाली. तेव्हा क्लब म्हणजे सहा मुलं. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत एका वर्गात बसून व्हिडिओ बघायची आणि घंटा झाली की उठायची. शाळेची एक ८ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची, आरशाची) दुर्बीण होती, ती बँडच्या खोलीमागच्या कपाटात कापड टाकून उभी. बाहेर काढून बघितलं तर तारा ठिपक्यासारखा दिसायच्या ऐवजी शेपूट फुटल्यासारखा दिसायचा. लेक फिजिक्सच्या सरांच्या मागे लागली आणि कॉलिमेशन, म्हणजे आतले दोन आरसे एका रेषेत आणणं, शिकून घेतलं. दोन शनिवार आमच्या गॅरेजमध्ये फोकसरला (डोळ्याकडच्या नळीला) डोळा लावायचा, मग मागे जाऊन स्क्रू पाव फेरा फिरवायचा, परत पुढे येऊन बघायचं, असं चाललं होतं. तिसऱ्या शनिवारी रात्री तारा टोकदार दिसला, तेव्हा तिने मला अंगणातून ओरडून हाक मारली.

गेल्या सप्टेंबरपासून महिन्यातून दोनदा गावच्या लायब्ररीच्या पार्किंगमध्ये आकाशदर्शन असतं. आतापर्यंत नऊ रात्री ठरल्या, त्यातल्या चार ढगांनी खाल्ल्या. मी दर वेळी थर्मास घेऊन गाडीत बसलेली असते, त्यामुळे हे सगळं डोळ्यांनी पाहिलंय. पहिल्याच रात्री शनी लावला होता. २०२५ च्या मार्चमध्ये शनीची कडी आपल्याकडे अगदी कडेने वळली होती, त्यामुळे सप्टेंबरातही ती सुईसारखी बारीक दिसत होती. रांगेतली पोरं हिरमुसली, "कडं कुठंय?" म्हणायला लागली. पुढच्या वेळी ही घरातली जुनी सीडी घेऊन गेली. सीडी समोर धरायची, हळूहळू कलती करत न्यायची, शेवटी नुसती रेघ उरते. "आज शनी आपल्यासमोर असा आहे." मग तीच रेघ बघायला पोरं पुन्हा रांगेत उभी राहिली. आज क्लबमध्ये एकवीस मुलं आहेत.

गेल्या महिन्यात आम्ही एका खाजगी सल्लागाराकडे गेलो. त्यांनी तिची यादी वाचली आणि विचारलं, "यात जिंकलंय काय?" काहीच नाही. खगोल क्लब कुठल्या स्पर्धेत उतरतच नाही. ते म्हणाले, "मग हे नुसतं पद झालं. अध्यक्ष प्रत्येक शाळेत असतात. ॲवॉर्ड नसलं की वाचणारा पुढे सरकतो." परत येताना लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, माझे एवढे शनिवार वाया गेले का?" मला तेव्हा उत्तर देता आलं नाही, आणि ते मला फार लागलंय.

तर प्रश्न असा. पारितोषिक नसलेल्या क्लबच्या नेतृत्वाला अर्जात खरंच काही किंमत असते का? अर्जाला अजून सात-आठ महिने आहेत, त्यात एखादी स्पर्धा धरावी की आहे तेच पुढे न्यावं? आणि ऑनर्सचा (मिळालेल्या सन्मानांचा) रकाना जवळजवळ रिकामा राहिला तर ते वाईट दिसतं का? ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी स्पष्ट लिहावं, मन राखायला गोड लिहू नये, ही विनंती.


सह्यकडा

रोहिणीताई, तुम्ही स्पष्ट मागितलंय म्हणून स्पष्ट लिहितो. माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी यातूनच गेला, त्यालाही फिजिक्सच हवं होतं.

एमआयटीसारख्या ठिकाणी तुमच्या लेकीचा अर्ज ज्या गठ्ठ्यात वाचला जाईल, त्यात फिजिक्स ऑलिंपियाडच्या वाटेवरची मुलं असतात. तिथली पहिली परीक्षा 'एफ इक्वल्स एमए', ७५ मिनिटांत २५ प्रश्न. त्यातून सुमारे ४०० मुलं पुढच्या फेरीला जातात आणि शेवटी देशाच्या संघात पाचच जण उरतात. रिजेनेरॉनच्या विज्ञान स्पर्धेत दर वर्षी ३०० जण निवडले जातात, त्यातले ४० अंतिम फेरीत. ही नावं वाचणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाहीत. शाळेतल्या क्लबचं पद त्यांच्या बरोबरीला येत नाही. इतपत तुमचा सल्लागार बरोबर आहे.

पण त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. देशपातळीवरचं पारितोषिक मूठभर मुलांकडे असतं. बाकीच्या जागाही कुणीतरी भरतंच ना? माझ्या मुलाकडे राज्यपातळीवरचं काहीतरी होतं, तरी एमआयटीने नाकारलं. त्याच्या शाळेतली एक मुलगी तिथे गेली, तिच्याकडे मोठं म्हणावं असं एकही पारितोषिक नव्हतं. या दोन उदाहरणांवरून नियम काढू नका, मीही काढत नाही.

आता सात-आठ महिन्यांत स्पर्धा धरायच्या म्हणता, तर तारखा बघा. 'एफ इक्वल्स एमए' फेब्रुवारीत असते. यंदा नाव दिलं नसेल तर पुढची बारावीच्या फेब्रुवारीत, तोवर अर्ज जाऊन बसलेले असतील. तिला प्रश्न सोडवायला आवडत असतील तर जरूर द्यावी, पण रकाना भरायला म्हणून नको.

आणि एक सावधगिरीची सूचना. घरी जाड पाकिटांतून "आपल्या मुलीची निवड झाली आहे" अशी पत्रं यायला लागतील. आत एक प्रमाणपत्र, एक मोठं नाव आणि फी भरायचा फॉर्म. आम्ही एकदा ती फी भरली. पुढे अर्ज भरताना मुलगाच म्हणाला, "बाबा, हे मी लिहिणार नाही, यात मी केलं काय?" त्याचं बरोबर होतं.


पानगळ

रोहिणी, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून बऱ्याच दिवसांनी इथे लिहिते आहे.

मी तीन हंगाम एका मोठ्या विद्यापीठासाठी बाहेरून नेमलेली वाचक म्हणून अर्ज वाचले. डिसेंबर ते फेब्रुवारी, घरच्या टेबलावर, रोज ठरलेला कोटा. विद्यापीठाचं नाव लिहिणार नाही आणि कुणाच्या अर्जातलं काहीही लिहिणार नाही. पण वाचताना डोळा कुठे थांबतो आणि कुठे घसरतो, एवढं सांगू शकते.

सगळ्यात आधी मार्कपत्रिका बघितली जाते. कुठले विषय घेतले, शाळेत काय उपलब्ध होतं, त्यातलं मुलीने किती उचललं. हे भक्कम नसेल तर क्लब काय नि पारितोषिक काय, दोन्ही वाचवत नाहीत. काही ठिकाणी तर क्लब बघतच नाहीत. सीएसयू म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी घ्या, तिच्या बहुतेक कॅम्पसना निबंधही नको असतो आणि शिफारसपत्रही. तुमच्या यादीतल्या यूसी वेगळ्या, तिथे हे सगळं वाचलं जातं.

तुम्ही एक काम करा. कॉमन डेटा सेट नावाचा तक्ता बहुतेक कॉलेजं दर वर्षी आपल्या साइटवर टाकतात. त्यातला सी-७ हा भाग उघडा. प्रवेशात कशाला किती महत्त्व, हे कॉलेजने स्वतः चार पायऱ्यांत लिहिलेलं असतं, 'व्हेरी इम्पॉर्टंट'पासून 'नॉट कन्सिडर्ड'पर्यंत. विषयांची काठिण्यपातळी, जीपीए, निबंध, शिफारसपत्रं, मग एक्स्ट्राकरिक्युलर (अभ्यासाबाहेरचे उपक्रम), टॅलेंट, कॅरॅक्टर, स्वयंसेवा, नोकरीचा अनुभव अशा ओळी आहेत. 'ॲवॉर्ड' अशी ओळ त्यात नाही. 'लीडरशिप' अशीही नाही, हेही बघा. पारितोषिक आणि पद दोन्ही या इतर ओळींच्या पोटात वाचले जातात. एमआयटीच्या तक्त्यात व्यक्तिगत गुणांची ओळ 'व्हेरी इम्पॉर्टंट' आहे. पारितोषिकांच्या चर्चेत हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

दुसरा पुरावा हार्वर्डचा. २०१८ मध्ये बॉस्टनच्या कोर्टात त्यांच्या प्रवेशपद्धतीवर खटला चालला, तेव्हा वाचकांना दिलेल्या सूचना उघड झाल्या. तेव्हा एक्स्ट्राकरिक्युलरला १ ते ६ असा दर्जा देत असत. १ म्हणजे देशपातळीवरचं यश किंवा तसंच काही असामान्य. सह्यकडा म्हणतात ती मुलं इथे येतात. पण २ या दर्जाला उदाहरणं काय दिली आहेत? क्लास प्रेसिडेंट, शाळेच्या वर्तमानपत्राचा संपादक, वाद्यवृंदातला प्रमुख वादक. म्हणजे शाळेच्या चार भिंतींत केलेलं भरीव काम, आणि त्यात पारितोषिकाची अट नाही. ३ म्हणजे सहभाग चांगला पण खास वेगळेपण नाही. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ५ हा दर्जा ज्या मुलांवर घरची जबाबदारी असते किंवा शाळा सांभाळून जी नोकरी करतात त्यांच्यासाठी होता. क्लबमध्ये जायला वेळच न मिळालेल्या मुलांच्या आईवडिलांनी हे वाचावं.

म्हणजे तुमच्या लेकीचा खरा प्रश्न २ आणि ३ यांच्या मधला आहे. तिचं काम 'अध्यक्ष होती' एवढ्यावर वाचलं जाईल, की 'हिच्यामुळे काहीतरी झालं' असं?

पारितोषिक म्हणजे बाहेरच्या माणसाची साक्ष. वाचणाऱ्याने क्लब पाहिलेला नसतो, मुलगी पाहिलेली नसते, एका अर्जाला मोजकी मिनिटं असतात. अमुक स्पर्धेत तिसरी म्हटलं की दुसऱ्या कुणीतरी तपासून दिलंय म्हणून तो निर्धास्त होतो. पारितोषिक नसलं की ती साक्ष दुसरीकडून यावी लागते. ती तपशिलातून येते आणि शिक्षकांच्या पत्रातून येते.

मी किती अर्जांत वाचलं असेल: "अध्यक्ष. साप्ताहिक बैठका घेतल्या. वीस जणांच्या संघाचं नेतृत्व केलं." यातून मला काय कळतं? बैठक घेणं हे अध्यक्षाचं कामच आहे. यावरून डोळा घसरतो, तुमचे सल्लागार म्हणतात तसाच. पण "कपाटात पडलेली दुर्बीण दुरुस्त केली" असं असतं ना, तर मी थांबले असते. त्यात आधी काय होतं आणि नंतर काय झालं हे दिसतं. कुणी सांगितलेलं नसताना केलेलं काम लगेच उठून दिसतं. आणि ती गेल्यावर क्लब चालेल का, याचं उत्तर अर्जात सापडलं तर वाचणारा मनात एक खूण करून ठेवतो.

तासांचं गणितही बघतो आम्ही. पाच क्लबांची अध्यक्ष, प्रत्येकाला आठवड्याला दहा तास, वर्षाचे बावन्न आठवडे, वर सहा एपी (कॉलेजच्या पातळीचे विषय). असं दिसलं की सगळ्याच आकड्यांवरचा विश्वास उडतो. खरे तास लिहा. ढगांनी खाल्लेल्या रात्री वजा करून लिहा.

आता अर्जाच्या चौकटी. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक अर्जात, दहा ॲक्टिव्हिटी मावतात. पदाला ५० अक्षरं, संस्थेच्या नावाला १००, कामाच्या वर्णनाला १५०, स्पेस धरून. महत्त्वाची वर, हा क्रम तिने स्वतः लावायचा. यूसीच्या अर्जात वीस नोंदी आणि प्रत्येकीला ३५० अक्षरं, शिवाय आठांतल्या चार प्रश्नांना ३५० शब्दांची उत्तरं. त्यातला पहिलाच प्रश्न नेतृत्वाचा आहे, आणि नेतृत्व म्हणजे फक्त पद नव्हे असं यूसीने त्याच्या खालीच समजावलंय. एमआयटी कॉमन ॲप वापरत नाही, तिथे फक्त चार ॲक्टिव्हिटी विचारतात. ज्या मुलीने एकच गोष्ट खोल केली आहे तिला हे सोयीचंच. कॉमन ॲपमध्ये जास्तीची माहिती द्यायची जागा २०२५-२६ पासून ६५० वरून ३०० शब्दांवर आली, तेव्हा तिच्या भरवशावर राहू नका.

ऑनर्सच्या रकान्याची चिंता कमी करा. कॉमन ॲपमध्ये तिथे जास्तीत जास्त पाच नोंदी मावतात, आणि प्रश्न अभ्यासातल्या सन्मानांचा आहे. शाळेचा ऑनर रोल (चांगल्या मार्कांच्या मुलांची यादी) चालतो. तीन एपी परीक्षांत ३ किंवा वर गुण मिळाले तर त्या परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाचा एपी स्कॉलर हा सन्मान चालतो. दोन नोंदी असतील तर दोनच लिहाव्यात. क्लबचं काम ओढूनताणून तिथे बसवू नका.

शिफारसपत्राचं मात्र आत्तापासून मनावर घ्या. कॉलिमेशन शिकवणारे सर, ज्यांनी तिला कपाटापासून पार्किंगपर्यंत पाहिलंय, त्यांनी पत्र लिहिलं तर त्यातलं एक वाक्य एखाद्या प्रमाणपत्राइतकं काम करेल. अकरावीच्या शेवटी विचारा, बारावीच्या ऑक्टोबरात त्यांच्यापुढे रांग लागलेली असते. शाळेचे काउन्सेलर ब्रॅग शीट (मुलीबद्दलच्या माहितीचा फॉर्म) भरून मागतात, ती बरेच पालक घाईत दोन ओळींत उरकतात. तुम्ही इथे लिहिलंय तसं लिहा, सीडीसकट. काउन्सेलरच्या पत्रात त्यातलंच उतरतं.

शेवटी मलाच तुम्हाला एक विचारायचंय. तुम्ही गाडीतून जे पाहिलंत ते लिहिलंत. लेकीला विचारा, कुणाच्या लक्षातही आलं नाही असं तिने काय बदललं? बहुतेक वेळा अर्जातली सगळ्यात चांगली ओळ तिथे असते, आणि मुलांना ती सांगण्यासारखी वाटतच नाही.


रोहिणी_नक्षत्र

पानगळताई, सह्यकडा, दोघांचेही मनापासून आभार. सी-७ काल रात्री उघडून बसले होते. सल्लागाराच्या एका वाक्याने जे डोक्यात बसलं होतं ते बरंच सुटलं.

लेकीला तुमचा प्रश्न जसाच्या तसा वाचून दाखवला. आधी म्हणाली, "तसं काही नाही." मग भांडी लावता लावता म्हणाली, "ती व्हीलचेअरवाली मुलगी, पण त्यात काय?"

मला हे माहीतच नव्हतं. ऑक्टोबरच्या शेवटी एका रात्री दुर्बीण अल्बिरिओवर लावली होती. हा हंस तारकासमूहातला जोडतारा, एक सोनेरी, एक निळसर, त्याला नेहमी गर्दी असते. त्या वेळी तो बराच वर होता. डॉब्सोनियनमध्ये वरचं काही बघायचं तर नळी उभी होते आणि आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत जातो. लहान मुलं स्टुलावर चढून बघतात. रांगेत नऊ-दहा वर्षांची एक मुलगी व्हीलचेअरवर होती. तिचे वडील तिला उचलायला लागले, तर ती नको म्हणाली. मागे माणसं खोळंबली होती. लेकीने रांग थांबवली आणि नळी खाली आणली, दक्षिणेला अर्धा चंद्र होता त्यावर. चंद्र आकाशात खाली, म्हणून आयपीसही खाली. स्टूल बाजूला केलं, खुर्ची डावीकडून आत घेतली. त्या मुलीने स्वतःच्या हाताने फोकस फिरवून चंद्र पाहिला. लेक म्हणाली, "ती चार मिनिटं बघत होती, आई. कुणाला घाई करू दिली नाही मी."

आणि इथवर थांबलं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक आकाशदर्शनाचा पहिला अर्धा तास फक्त क्षितिजाच्या जवळचं जे असेल तेच लावायचं, असं तिने क्लबच्या वहीत लिहून ठेवलंय. वही बघितली मी. तारखेखाली दर वेळी दोन याद्या आहेत, 'बसून' आणि 'उभं राहून'. मी गाडीत बसून तो पहिला अर्धा तास कितीतरी वेळा पाहिला होता, पण तो तसा का आहे हे मला कळलं नव्हतं.

आता मला प्रश्न पडलाय की हे अर्जात लिहावं का. लेकीचं म्हणणं, "त्या मुलीला वापरल्यासारखं होईल." मला तिचं म्हणणंही पटतंय.


मधली_सुट्टी

काकू, मी सध्या एका सरकारी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. हायस्कूलमध्ये डिबेटची कॅप्टन होते आणि माझ्याकडे एकही ट्रॉफी नव्हती. माझं तर तुमच्या लेकीपेक्षा अवघड होतं, कारण डिबेटमध्ये पारितोषिकं असतात आणि ती मला मिळाली नव्हती, हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

मी पहिल्या मसुद्यात ते झाकायचा प्रयत्न केला होता. 'मार्गदर्शन', 'प्रेरणा', 'संघभावना' असे शब्द भरले होते. माझ्या इंग्रजीच्या बाईंनी पेन्सिलने एकेक खोडलं आणि समासात लिहिलं, "मग झालं काय?" झालं होतं असं की मी नववीत आले तेव्हा नवीन नऊ जणांतले दोनच वर्षभर टिकले होते. पहिल्याच स्पर्धेत हरून बाकीचे सोडून गेले. कॅप्टन झाल्यावर मी नवीन मुलांना पहिले दोन महिने स्पर्धेला पाठवलंच नाही. आपसात फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीनंतर हरणाऱ्याने सांगायचं की समोरच्याचा कुठला मुद्दा त्याला पटला. त्या वर्षी अकरांतले आठ टिकले. १५० अक्षरांत मी एवढंच लिहिलं.

दहा ठिकाणी अर्ज केले, चार ठिकाणी प्रवेश मिळाला. सगळ्यात नावाजलेल्या दोन्हींनी नाकारलं. ट्रॉफी असती तर मिळाला असता का, हे मला कधीच कळणार नाही, आणि त्याचं पहिले काही महिने खूप वाईट वाटायचं. पण जिथे मिळाला तिथल्या ऑनर्स प्रोग्रॅमच्या मुलाखतीत मला त्या हरणाऱ्याच्या नियमाबद्दलच विचारलं. वीस मिनिटांतली दहा त्यातच गेली.

तुमच्या लेकीला माझ्याकडून एक सांगा. बारावीत क्लब दुसऱ्या कुणाच्या हातात हळूहळू द्यायला लागेल तेव्हा तिला वाटेल की आता अर्जात दाखवायला आपलं काही उरलं नाही. मला तसं वाटलं होतं, म्हणून मी उगाच सगळं धरून ठेवलं. मी गेल्यावर त्या क्लबचे चार महिने हाल झाले. ते मला आजही खटकतं.


पानगळ

मधली_सुट्टी, फार चांगलं लिहिलंस. "मग झालं काय?" हे मी माझ्या पुतणीलाही पाठवलंय.

रोहिणी, तुमच्या लेकीला जो संकोच वाटतोय तो तिच्या बाजूने बोलतो. तिला सांगा, त्या मुलीबद्दल लिहायची गरज नाही, तिने क्लबमध्ये जे बदललं त्याबद्दल लिहावं. १५० अक्षरांत साधारण असा मजकूर बसेल, इंग्रजीत अर्थातच: कपाटातली ८ इंची दुर्बीण दुरुस्त केली, लायब्ररीत आकाशदर्शन सुरू केलं, पहिला अर्धा तास बसून बघता येईल अशा गोष्टींचा, सदस्य ६ वरून २१. यात व्हीलचेअर नाही, कुणाचं दुःख नाही, आणि तरी वाचणारा 'बसून बघता येईल' या शब्दांवर थांबेल.

यूसीच्या नेतृत्वाच्या उत्तरात तिला ३५० शब्द मिळतील. तिथे ती रात्र सांगायची असेल तर त्या मुलीचं वय, दिसणं, काहीही नको. नळी खाली का आणली आणि वहीत दोन याद्या का झाल्या, हे तिने तिच्या शब्दांत लिहावं. तुम्ही किंवा सल्लागाराने लिहून देऊ नका. सतरा वर्षांच्या मुलीचं वाक्य आणि पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचं वाक्य आम्हाला लगेच वेगळं कळतं.

आणि वहीची पानं सांभाळून ठेवा. अर्जात जोडायची नाहीत, पण यूसी काही अर्ज निवडून लिहिलेल्या गोष्टींची खातरजमा मागते. तेव्हा ती वही आणि लायब्ररीचं एक पत्र पुरेसं होईल.


रोहिणी_नक्षत्र

सरांना पत्रासाठी विचारलं. त्यांनी होकार दिला आणि लेकीलाच म्हणाले, "मला तुझी ती वही एक दिवस दे."

सल्लागाराकडची पुढची वेळ आम्ही रद्द केली. 'एफ इक्वल्स एमए' चे जुने पेपर लेकीने छापून घेतलेत. आवडले म्हणते, अर्जासाठी नाही. तिच्या शनिवारांच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला दिलं, पण ते आमच्या दोघींतच राहू दे.

मधली_सुट्टी, तुझा शेवटचा परिच्छेद तिने दोनदा वाचला. या शनिवारी थंडी कडक आहे, पण आकाश मोकळं राहील असं दिसतंय. नुकताच १० जानेवारी २०२६ ला गुरू सूर्याच्या बरोबर समोर येऊन गेला, त्यामुळे संध्याकाळीच पूर्वेला ठळक दिसतो. तो खाली असेपर्यंत 'बसून' यादीत आहे, नंतर 'उभं राहून' यादीत जाईल. कॉलिमेशन मात्र या वेळी नववीतला एक मुलगा करणार आहे. काल गॅरेजमध्ये त्याने स्क्रू उलटा फिरवला आणि तारा पुन्हा शेपटीवाला झाला. लेक बाजूच्या बादलीवर बसून होती, हात मांडीखाली दाबून. एकदाही उठली नाही. पाऊण तासाने त्याचं त्यालाच जमलं.